बाकं मोजणारा सांतान

खुरसावाडीच्या कपेलात, म्हणजे वाडीच्या छोट्या चर्चमध्ये, रविवारी सकाळी मिस, म्हणजे फादरनी चालवायची प्रार्थना, सुरू व्हायच्या आधी एक काम असायचं. ते काम आधी सांतानच्या बापाकडे होतं, आणि बाप गेल्यावर, अठ्ठ्याण्णव साली, ते सांतानकडे आलं. काम तसं एका मिनिटाचं. फादर आतल्या खोलीत पांढरा झगा चढवत असले की सांतानने दारातून बाहेर डोकवायचं आणि आज किती माणसं आहेत ते त्यांना सांगायचं. तेवढ्या ओस्ती फादर पेल्यात घालत. ओस्त म्हणजे पापडाहून पातळ, पांढरी, रुपयाएवढी चकती. पण मिसेत तिच्यावर प्रार्थना झाली की ती चकती राहत नाही, देवाचं शरीर होते. मग उरली म्हणून परत डब्यात टाकायची सोय नाही. तेव्हा आकडा बरोबर हवा.

आता आकडा बरोबर हवा म्हटल्यावर कोणीही शहाणा माणूस डोकी मोजील. सांतान मोजत नसे! त्याच्या बापाने त्याला बजावून ठेवलं होतं, "माणसां मोजू नकोस रे. कोंबडीची पिलां मोजली की दुसऱ्या दिवशी घार एक न्हेता. माणसांचापण तसाच. बाकां मोज." बापाने सांगितलं ते सांतानने गाठीशी बांधलं. कपेलात उजवीकडे बारा बाकं, डावीकडे बारा. एका बाकावर पाच जण. चोवीस पंचे एकशेवीस. संपलं.

आणि खरं सांगायचं तर त्या साली हा हिशेब एका माणसानेसुद्धा चुकत नव्हता. प्रत्येक घराचं बाक ठरलेलं. पहिलं लोबोंचं, दुसरं सांतानचं म्हणजे फर्नांडिसांचं, तिसऱ्यावर परेरांचे दोघे भाऊ बायकापोरांसकट. पोरं बाकांवर मावत नसत, ती पुढे चटईवर बसून एकमेकांना चिमटे काढत. गाणं सुरू झालं की खाडीपलीकडे ऐकू जाई. मे महिन्यातल्या फेस्ताला, म्हणजे कपेलाच्या वार्षिक सणाला, तर बाहेर मांडव घालावा लागे आणि गुरुदासच्या घरचं, म्हणजे शेजारच्या हिंदू मच्छीमाराच्या घरचं, सगळं माणूस त्या मांडवात असे. गुरुदासची बायको सुगंधा फेस्ताच्या आदल्या दिवशी सांतानच्या घरी येऊन खोबरं खवून देई. सांतान आणि त्याची बायको मातिल्दा दर शिवरात्रीला गुरुदासच्या टेम्पोत बसून कुणकेश्वरच्या जत्रेला जात. यात कोणाला काही वेगळं वाटायचं नाही.

मग नव्व्याण्णव साली सांतानचा मुलगा फेलिक्स मस्कतला गेला. एकुलता एक झील. एसी दुरुस्त करायचं शिकला होता, आणि खुरसावाडीत एसी कोणाकडे? गेला तो बरोबरच गेला. लोबो अंधेरीला गेले. परेरांचा थोरला पोरगा गोव्यात हॉटेलात लागला, धाकट्याला त्याने ओढून नेला. एक घर पुण्याला, एक वसईला. कोणी भांडून गेलं नाही, कोणी धर्म सोडला नाही. पोटाच्या मागे गेली माणसं. कपेल मात्र ओट लागल्यावर खाडी उतरते तसं उतरत गेलं. रोज बघणाऱ्याला कळत नाही, आणि एक दिवस बघावं तर सगळा चिखल उघडा.

सांतानला कळलं नाही, असं नव्हे. त्याने कळून घेतलं नाही. जी मेली ती तो वजा करी. तेवढा तो प्रामाणिक होता! पण जी बाहेरगावी गेली, ती त्याच्या हिशेबी बाकावरच होती. लोबोंचं बाक रिकामं असलं तरी ते लोबोंचं बाक होतं ना? मग पाच. स्वतःच्या बाकावर मातिल्दा एकटी बसलेली असली तरी तिच्या शेजारी फेलिक्स धरलेला. दर रविवारी आत जाऊन तो ठणठणीत आवाजात सांगे, "शंभरावर दोन, फादर." पुढे पुढे, "अठ्ठ्याण्णव, फादर."

म्हातारे फादर मोंतेर मान हलवत, "बरं," म्हणत, आणि पेल्यात बाहेर दिसतील तेवढ्याच, पुढे पुढे पंचवीस, ओस्ती घालत. दहा वर्षं हा कारभार असा सुखाने चालला. सांतानला वाटे, आपला आकडा चालतो.

मातिल्दा मात्र त्याला घरी आल्यावर सोडत नसे. तिची जीभ म्हणजे माशाचा काटा काढायची सुरी. "मेल्या, अठ्ठ्याण्णव खंय दिसली तुका? चष्मो घे एक बरोसो. माका तर त्या कपेलात माणसांपेक्षा पाकोळ्यो जास्त दिसतत."

"ती आसत गो," सांतान म्हणे. "भायर गेलीसत."

"भायर म्हणजे परसात नाय गेली मरे!"

दोन हजार आठच्या जूनमध्ये फादर मोंतेर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी फादर नेल्सन आले. वय चौतीस, मोटरसायकल, शुद्ध मराठी, सगळ्या म्हाताऱ्यांना अंकल आणि आंटी. चांगला माणूस. पण फादर मोंतेरनी जाताना त्यांना चर्चच्या चाव्या दिल्या, रजिस्टरं दिली, विहिरीचा पंप कसा सुरू करायचा ते दाखवलं, आणि सांतानच्या आकड्याबद्दल सांगायचं राहिलं.

पहिल्याच रविवारी फादर नेल्सननी विचारलं, "अंकल, किती?"

"ब्याण्णव."

फादरनी भल्या माणसासारख्या ब्याण्णव ओस्ती मोजून घातल्या. बाहेर आले, समोर अठराच डोकी. पण मालवणच्या मोठ्या चर्चमध्ये अर्धे लोक बाहेर पोर्चमध्ये उभे राहतात, इथेही तसंच असणार असं त्यांना वाटलं. प्रार्थना झाली. वाटायची वेळ आली. अठरा जण आले, अठरा जण गेले, आणि पेला होता तसाच भरलेला. फादरनी दाराबाहेर नजर टाकली. बाहेर एक कुत्रा, आणि गुरुदासचा उभा केलेला टेम्पो.

जेजू मारये! मग काय करणार? कपेलात रोज कोणी नसतं, म्हणून ओस्ती तिथे ठेवायची पद्धत नाही. फादरनी सगळ्यांना पुन्हा रांगेत बोलावलं. पहिली धरून प्रत्येकाला चार-चार ओस्ती मिळाल्या. आतापर्यंत कोणाला अशी लॉटरी लागली नव्हती. दात नसलेल्या म्हाताऱ्या परेराच्या टाळूला तिसरी चिकटली ती निघेना. उरलेल्या वीस फादर स्वतः वेदीपाशी उभं राहून चावत बसले, आणि सगळं कपेल गुडघ्यांवर, हसू दाबून. मातिल्दाला तेवढंही जमलं नाही. ती पदर तोंडात कोंबून हलत होती.

मिस संपल्यावर फादरनी सांतानला बाजूला घेतलं. "अंकल, बाकीचे चौऱ्याहत्तर कुठे आहेत?"

"बाहेर," सांतान खाली मान घालून म्हणाला. ऑफिसातल्या माणसाशी किंवा फादरशी बोलताना तो मराठी जरा इस्त्री करून बोले.

"बाहेर कुठे?"

"अंधेरीला आहेत. गोव्यात आहेत. आमचा फेलिक्स मस्कतला आहे."

फादर नेल्सन हसले. मग त्यांचं हसू मावळलं. त्यांच्याकडे मालवणच्या चर्चशिवाय चार कपेलं, पाठीत लचक आणि एक मोटरसायकल होती. त्यांनी शांतपणे सांगितलं, की यापुढे बाकं नाहीत, माणसं मोजायची. दर रविवारी वीस माणसं असली तर मी येईन. सलग तीन रविवार वीसच्या खाली गेले, तर इथली रविवारची मिस बंद. मग फक्त मेमधल्या फेस्ताला.

सांतानच्या पायाखालची वाळू सरकली. दीडशे वर्षांपूर्वी खाडीतून होडीने जांभा आणून बांधलेलं कपेल, आणि त्याच्या हातात बंद पडणार? बाप वर काय म्हणेल? रविवारची मिस गेली म्हणजे कपेल म्हणजे काय, वर्षातून एकदा उघडायची माडी! त्या दिवशी तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र कामाला लागला. माणूस मोठा चिवट. आचऱ्याच्या रस्त्यावर दोन म्हाताऱ्या होत्या, चालता येत नाही म्हणून चार वर्षं आल्या नव्हत्या. सांतान गुरुदासकडे गेला.

"माझ्या टेम्पोत कायम मासळीचो वास," गुरुदास म्हणाला.

"सांव पेद्रूक पण येय होतो," सांतान म्हणाला. "जेजूचो पयलो शिष्य, पण तोय मासेच धरी होतो."

झालं. कसालच्या बाजाराला मासळी नेणारा टेम्पो रविवारी धुऊन, खुर्च्या टाकून म्हाताऱ्या आणू लागला. परेरांचे दोघे म्हातारे भाऊ एका माडावरून सात वर्षं बोलत नव्हते आणि आलटून पालटून मिसेला येत, एक या रविवारी, दुसरा त्या. सांतान मध्ये पडला, माड कपेलाला देऊन टाकायला लावला, आणि दोघे एकाच रविवारी येऊ लागले. बाकाच्या दोन टोकांना बसत, पण येत! त्या डिसेंबरात आकडा सत्तावीसवर गेला. फादर नेल्सननी नाताळात सांतानची पाठ थोपटली.

डोकी मोजायची मातिल्दा, बरं का. सांतानने साफ नकार दिला होता. मातिल्दा पदराखाली बोटांवर मोजी आणि त्याच्या कानात आकडा सांगे, तो आत नेऊन पोचवी. "घार इली तर माका न्हेयत," ती म्हणे. "तू भिया नको."

पण म्हाताऱ्यांच्या जिवावर वाढलेली मंडळी किती दिवस टिकणार? तेल संपत आल्यावर दिवा मोठा होतो, त्यातला प्रकार. दोन हजार नऊच्या पावसात आचऱ्याची एक म्हातारी गेली. दुसरीला तिच्या लेकीने सावंतवाडीला नेलं. परेरांच्या म्हाताऱ्यांतला थोरला गेला, आणि धाकटा, आता भांडायला कोणी नाही म्हणून की काय, महिन्याभरात त्याच्या मागोमाग गेला. सांतानने त्यांना रडत रडत वजा केलं. दोन हजार दहाच्या जानेवारीत एका रविवारी सोळा आले. पुढच्या रविवारी चौदा.

तिसऱ्या रविवारच्या आदल्या दिवशी गुरुदास जाळं शिवता शिवता म्हणाला, "सांतानबाब, उद्या आमी येतव."

"खंय?"

"मिसेक. मी, सुगंधा, आई, भावाचा घर. नऊ जणां होतव."

सांतानने त्याच्याकडे बघितलं. "तुमका कशाक रे मोजतले?"

"आणि कुणकेश्वराक तुमी रांगेत उभी रवतात, तेव्हा आमचो देव तुमका सोडून मोजता काय?"

रात्रभर सांतान मनात आकडे लावत राहिला. आपले बारा तरी येतील. बारा आणि नऊ एकवीस. एकवीस!

आणि खरंच, रविवारी सकाळी गुरुदास आला. पांढरा धुतलेला शर्ट, कपाळाला गंध. सुगंधाने नवी साडी नेसली होती, डोक्यात अबोलीचा वळेसर. म्हातारी आई, भाऊ, भावजय, चार मुलं. बाहेर चपला ओळीने काढून ती सगळी लोबोंच्या आणि परेरांच्या बाकांवर जाऊन बसली, पाठी ताठ करून, लग्नाला आल्यासारखी. किती वर्षांनी ती बाकं भरली होती!

तो मातिल्दाकडे गेला. "किती?"

मातिल्दाने हात पदराखालून बाहेर काढून मांडीवर ठेवले. "आज तूच मोज."

"गो, माका..."

"तूच मोज, सांतान."

मग सांतान दारात उभा राहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने डोकी मोजली. एकेका चेहऱ्याकडे बघून. मातिल्दा, एक. तिच्या शेजारी कोणी नव्हतं. तिथे त्याची नजर थोडा वेळ अडकली आणि मग पुढे सरकली. मोजून झाल्यावर तो आतल्या खोलीत गेला.

फादर नेल्सन डबा उघडून उभे होते. दाराच्या फटीतून त्यांनीही बाहेर बघितलं होतं. गुरुदासला ते चांगले ओळखत होते, दोनदा त्याच्याकडे जेवले होते. ते हळूच म्हणाले, "अंकल, बाहेर वीसच्या वर दिसतात. मी काही विचारणार नाही. तुम्ही सांगाल तेवढ्या घालीन."

म्हणजे फादर वाट करून देत होते. एकवीस म्हणायचं की झालं. सांतानने तोंड उघडलं. आणि त्याला दिसलं, एकवीस ओस्ती, बारा माणसं, आणि उरलेल्या नऊ. त्या संपवायच्या तर कोणी? गुरुदासच्या समोर पेला नेला असता तर तो नाही म्हणाला नसता. त्याला काही कळत नसताना, मनात दुसरा देव असताना, केवळ सांतानसाठी त्याने जीभ पुढे केली असती. त्याच्या म्हाताऱ्या आईनेही केली असती.

"बारा, फादर."

"नक्की?"

"बारा. बाकीचे शेजारी. माझ्यासाठी आलेत." इस्त्री केलेली मराठी इथे चुरगळली. "तेंका खोट्यात घालूचा नाय माका."

फादरनी एक एक करून बारा ओस्ती पेल्यात घातल्या. पेल्याचा तळसुद्धा झाकला नाही.

मिस झाली. गाणं चांगलं झालं, कारण गुरुदासच्या भावाचा आवाज भजनात तयार झालेला, आणि शब्द येत नसले तरी चाल त्याने दुसऱ्याच ओळीला पकडली. शेवटी फादरनी वेदीपुढे उभं राहून सांगितलं, की पुढच्या रविवारपासून इथे मिस होणार नाही, सगळ्यांनी मालवणच्या चर्चमध्ये यावं, फेस्त मात्र दरवर्षी इथेच होईल. सुगंधा हमसून रडली. गुरुदास बाहेर आल्यावर चिडला, "सांतानबाब, एक आकडो सांगूक काय झालेला? आमी काय परके?"

"परके नाय म्हणानच नाय सांगितलंय रे," सांतान म्हणाला आणि चालू लागला.

घरापर्यंतचा रस्ता पाच मिनिटांचा. मातिल्दाने चूल पेटवली, चहा ठेवला, आणि तिथूनच, पाठमोरी, म्हणाली, "आपल्या बाकावरची किती धरलंस आज?"

"तुका. आणि माका."

"फेलिक्साक?"

सांतानने चपला काढून भिंतीला लावल्या.

"दहा-अकरा वर्सां झाली," मातिल्दा म्हणाली, "दर आयतवारी तू आत जावन तेका धरलंस. मी तुका हसलंय, शिये घातलंय, पण तू आकडो सांगलंस की माका बरां वाटायचा. वाटायचा, आसा बसलेलो माझ्या शेजारी. आज तू तेका काढलंस, आणि माका आतड्यात कळ इली." ती वळली. तिचे डोळे वाहत होते आणि आवाज मात्र नेहमीसारखाच धारेचा होता. "पण एक सांग माका. सा वर्सां तो येवक नाय. सा वर्सांत तू तेका एकदा तरी म्हटलंस, ये रे म्हणान? फोन मी लावतंय, मी बोलतंय. तू दारात उभो रवान विचारतंस, बरो आसा मां, आणि जातंस परसात. लोबोंका कधी म्हटलंस? परेरांच्या पोरांका म्हटलंस? जो बाकावर बसलेलो आसा, तेका बोलवक कोण जातलो!"

सांतान खुर्चीत बसून राहिला. चहा ऊतू गेला, तो कोणी उतरवला नाही. बापाने सांगितलं होतं, मोजली की कमी होतात. त्याने मोजली नव्हती, आणि तरी ती गेली होती. तो इतकी वर्षं त्यांची जागा राखत बसला. जागा राखली, आणि माणसाला हाक मारायची राहून गेली. एवढी साधी गोष्ट त्याच्या टाळक्यात कशी शिरली नाही?

"नंबर लाव," तो म्हणाला.

"आता? थंय आयतवार म्हणजे कामाचो दिवस. तो ड्युटीवर असतलो."

"लाव तू."

मातिल्दाने डोळे पुसून नंबर लावला आणि फोन त्याच्या हातात दिला. फोन कसा धरायचा तेही त्याला धड माहीत नव्हतं. पलीकडे बराच वेळ वाजत राहिलं. मग खूप आवाज, मशिनांचा, आणि त्यातून फेलिक्सचा आवाज, "हां ममा, बोल."

"मी रे," सांतान म्हणाला. "पपा."

पलीकडचा सगळा आवाज एकदम दूर गेला. फेलिक्स बहुतेक कुठेतरी बाहेर धावत आला होता. तो धापा टाकत होता, आणि त्याचा आवाज घाबरलेला होता.

"पपा? काय झाला? ममा बरी आसा ना? पपा, कोण गेला?"

"कोण नाय गेला," सांतान म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं. "कोण नाय गेला रे, पुता. तू ये."